किसनदादांनी हात आत का घातला

मंडळी,

माईक राहू द्या. माझा आवाज एवढ्या मंडपात पोचेल. आणि नाही पोचला तर मागच्यांनी पुढं सरकावं, कारण आज मी जे सांगणार आहे ते प्रत्येकाच्या कानावर पडलं पाहिजे.

ऐन उन्हाचे तुम्ही सगळे आलात. कोणी लोहाऱ्याहून सायकलीवर, कोणी माकणीहून पायी. गावात टँकर चार दिवसांनी येतो, तरी या घरानं दारात आलेल्या प्रत्येकाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मलाही दिला. मी तो घेतला खरा. पण प्यालो नाही.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगतो. मी अनंत. तुळजापूरचा, मास्तरांचा मुलगा. कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. किसनदादा माझ्या हाताखाली वायरमन होते. म्हणजे कागदावर माझ्या हाताखाली. काम मीच त्यांच्याकडून शिकलो.

माझ्या आधी तिघं बोलून गेले. चांगलं बोलले. किसनदादा प्रामाणिक होते, मनमिळाऊ होते, नियतीपुढं कोणाचं चालत नाही, असं बोलले. मंडळी, पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी खोटी आहे. यात नियती कुठंच नव्हती. यात एक वीतभर तार होती, आणि ती तार मी लावली होती.

बसा. कृपा करून बसा. मला पुरतं बोलू द्या, मग काय करायचं ते करा.

सुमनवहिनी, तुम्ही तिसऱ्या दिवशी मला दारात एकच प्रश्न विचारलात. म्हणालात, "साहेब, त्यांनी हात आत का घातला? त्यांला तर समदं ठावं व्हतं. पोरांला घरच्या बटनाला वल्ला हात लावू देत नव्हते. मग त्यांनीच का घातला?" मी खाली मान घातली आणि निघून आलो. आज नववा दिवस. नऊ दिवस तुम्ही मनात धरून बसलात की माझा माणूस स्वतःच्या चुकीनं गेला. नऊ दिवस उत्तर माझ्याकडं होतं.

ते उत्तर द्यायला आलोय.

किसनदादा कोण होते, हे या गावाला मी काय सांगणार? बहात्तरच्या दुष्काळात इथल्याच पाझर तलावावर त्यांनी खडी फोडली. ते मला सांगायचे, "साहेब, खडी फोडताना समोरच्या खांबावर एक वायरमन चढला. कमरंला पट्टा, हातात पक्कड. खाली आमी शे-दोनशे मानसं उनात. म्या म्हनलं, आपल्याला ह्येच शिकायचं." आणि शिकले. उस्मानाबादला आयटीआय केली. दोन वर्षं एका नातलगाच्या ओसरीवर झोपून केली. कारखाना उभा राहिला तेव्हा पहिल्या भरतीत लागले.

दोन वर्षांपूर्वी गव्हाणीवर नवं इलेक्ट्रॉनिक पॅनेल आलं. गव्हाण म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. गाडीतला ऊस तिथं पडतो आणि लोखंडी साखळ्यांचा पट्टा तो ऊस चिरणाऱ्या चाकूंकडं ओढून नेतो. तो पट्टा कधी चालवायचा, कधी हळू करायचा, कधी थांबवायचा, हे आता या पॅनेलनं ठरवायचं होतं. पुण्याहून इंजिनियर आले. आम्ही सगळे भोवती उभे. मी वहीत लिहून घेत होतो. किसनदादा मागं उभे होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "साहेब, पट्ट्यात मानूस अडकलं आन् दोरी वढली, तर ह्येच्यातलं नेमकं काय बंद पडतंय?"

इंजिनियर त्यांच्याकडं बघत राहिले. म्हणाले, "दोन दिवसांत हा पहिला कामाचा प्रश्न."

मग त्यांनी समजावलं. पुढं किसनदादांनी ते मला त्यांच्या भाषेत समजावलं. तेच तुम्हाला सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते म्हणाले, "साहेब, ह्या पॅनेलचं डोकं येगळं आन् हात येगळे. डोक्याला करंट एका वाटंनं येतो. हात म्हंजी ही शेवटची कार्डं, जी मोटरला चल म्हनत्यात, थांब म्हनत्यात. त्यांचा करंट दुसऱ्या वाटंनं येतो. आन् ती दुसरी वाट दोरीच्या स्विचांमधून फिरून येती. दोरी वढली की वाट तुटली. डोकं कायबी म्हनू दे, हातात जीवच न्हाय. मोटर थांबलीच पायजे."

एवढंच आहे. पट्ट्याच्या दोन्ही अंगांनी दोरी बांधलेली. दोरीला जागोजाग स्विच. कार्डांचा सप्लाय त्या स्विचांतून. कोणीही, कुठूनही दोरी ओढली की पट्टा उभा.

आता या हंगामाचं सांगतो. ऊस किती होता ते तुम्ही बघितलंय. निम्मी शेतं जळून गेली. जो उरला तो गाड्यांवर वाळत होता. गेटाबाहेर गाड्यांची रांग, बैलांना पाणी नाही, चाऱ्याचं वाढं संपलेलं. आणि आतमध्ये आमचा पट्टा दर तासा-दोन तासाला बंद पडत होता.

का पडत होता? दोरीच्या स्विचांची केबल जुनी होती. उसाचा रस, वाफ, चोथा, यांनी तिचे सांधे गंजले होते. कार्डांचा सगळा करंट त्या गंजलेल्या वाटेनं फिरून यायचा, आणि येईपर्यंत त्याच्यात दम उरायचा नाही. त्यातच बॉयलरात जाळायचा बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, कमी, म्हणून वाफ कमी, म्हणून आमच्याच टर्बाइनची वीज कधी वर कधी खाली. जरा खाली गेली की कार्डावरचे रिले, म्हणजे विजेनं धरले जाणारे स्विच, थरथरायचे आणि मोटर पडायची. पट्टा पडला की मिल रिकामी. मिल रिकामी की गेटावर आरडाओरडा. एका म्हाताऱ्यानं माझी कॉलर धरली होती. त्याचा बैल रांगेतच बसला होता, उठत नव्हता. मी त्याला काय सांगणार होतो? केबलचे सांधे गंजलेत म्हणून?

किसनदादांनी उपाय काढला होता. कागदावर चित्र काढून मला दिला. "साहेब, समदा करंट दोरीच्या वाटंनं फिरवायचा कशाला? पॅनेलपाशी एक दणकट रिले बसवू. दोरीची केबल फकस्त त्या रिलेला धरंल, त्याला करंट लागतोय किती? नखभर. आन् कार्डांचा सप्लाय त्या रिलेतून थेट जाईल. दोरी वढली की रिले पडंल, कार्डं मरतील. जोरबी न्हाय कमी व्हनार आन् दोरीबी जित्ती ऱ्हाईल."

मी तो कागद घेऊन कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडं गेलो. रिले स्टोअरमध्ये होता. फक्त अर्धी पाळी पट्टा बंद ठेवायला लागणार होता. साहेब म्हणाले, "अर्धी पाळी? गेटावर जाऊन तूच सांग त्यांना. मला पट्टा चालू पाहिजे. आज. कसा ते तुझं तू बघ."

मंडळी, त्यांनी मला तार लाव असं म्हटलं नाही. ते मी इथं स्पष्ट सांगतो. ते फक्त म्हणाले, तुझं तू बघ. आणि मी बघितलं. मी डिप्लोमा झालेला माणूस आहे. मला माहीत होतं काय करतोय ते. मी पॅनेल उघडलं आणि दोरीची वाट सोडून, पॅनेलमधल्या ट्रान्सफॉर्मरपासून थेट कार्डांपर्यंत एक तार टाकली. वीतभर तार. दोन स्क्रू. पाच मिनिटं लागली.

पट्टा पुन्हा पडला नाही. कार्डांना पुरा सप्लाय मिळाला. मिल धडधडा चालली. गेटावरची रांग पुढं सरकली. मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आणि दोरी मेली. दिसायला तशीच होती, लाल, ताणलेली, पट्ट्याच्या दोन्ही अंगांना. ओढली तर स्विच खटकन वाजला असता. बंद काहीच पडलं नसतं.

मी कोणाला सांगितलं नाही. पण किसनदादांपासून काय लपणार? दुसऱ्या दिवशी पाळीवर आले, पट्टा एवढा सुरळीत चाललेला बघितला, आणि सरळ पॅनेल उघडलं. मग माझ्या केबिनमध्ये आले. दार लावून घेतलं. ते कधी दार लावत नसत.

"साहेब, ती तार तुमी टाकली?"

मी म्हणालो, "चार दिवसांपुरती आहे, दादा. गर्दी ओसरली की काढू."

"खाली बाया चोथा झाडत्यात, साहेब."

"मला माहीत आहे."

"त्यांला सांगितलं का, की दोरी बंद हाय?"

मी समोरची फाईल ओढली. ते म्हणाले, "मग म्या काढतो."

आणि मी, मंडळी, मी त्यांना म्हणालो, "काढाल तर लेखी जबाब द्यावा लागेल. मिल बंद पाडली म्हणून." हे मी म्हणालो. याच तोंडानं. ज्या माणसानं मला काम शिकवलं, त्याला मी नोकरीचं भय घातलं. या गावात दुष्काळात पगार आणणारी घरं किती आहेत? मला ते माहीत होतं, म्हणूनच मी ते बोललो.

ते म्हणाले, "बरं." आणि गेले.

पण गप्प बसले नाहीत. खाली झाडणाऱ्या एकेका बाईला जाऊन सांगितलं, दोरीवर इसंबून राहू नका, पदर खोचून घ्या, साखळीपासनं लांब ऱ्हावा. आणि रोज पाळी संपताना माझ्या केबिनमध्ये यायचे. "साहेब, आज काढायची का?" एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, उद्या. चार दिवसांचे अकरा दिवस झाले. रोज उद्या.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी गव्हाणीच्या वरच्या फळीवर उभा होतो. खाली शांताबाई चोथा ओढत होत्या. शांताबाई, तुम्ही इथं बसल्या आहात. तुम्हाला त्रास होणार असेल तर आत जा. नाही? बरं.

त्यांचा पदर साखळीत गेला. मी वरून बघितला. आधी पदर, मग खांदा ओढला गेला. त्यांनी किंकाळी फोडली. आणि मी काय केलं? मी दोरी ओढली.

मीच ओढली. जिला मी मारलं होतं, तीच दोरी मी दोन्ही हातांनी ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लोंबकळलो तिला. अकरा दिवस मला माहीत होतं की ती मेलेली आहे, आणि त्या क्षणी मला ते आठवलंच नाही. माणूस घाबरला की दोरी ओढतो. म्हणूनच दोरी असते ना तिथं?

पट्टा चालूच राहिला.

किसनदादा पलीकडं रसाच्या पंपाची मोटर उघडून बसले होते. कोपरापर्यंत हात रसानं भिजलेले. किंकाळी ऐकून त्यांनी मान वर केली. शांताबाई दिसल्या. मी दोरीला लोंबकळताना दिसलो. आणि त्यांना कळलं. तिथं उभ्या असलेल्या माणसांत, काय झालंय आणि काय करायला पाहिजे, हे कळलेले ते एकटे होते.

मुख्य स्विच आणि पट्टा बंद करायचं बटण, दोन्ही दुसऱ्या खोलीत. जिना उतरून, वळसा घालून. तिथं पोचेपर्यंत शांताबाई चाकूंपाशी गेल्या असत्या. पॅनेल दहा पावलांवर होतं. हातमोजे, पक्कड, सगळं पंपापाशी पडलेलं. उचलायला वाकले नाहीत. धावले. डाव्या हातानं पॅनेलचं लोखंडी दार धरलं आणि उजवा हात आत घातला. त्या तारेला हात घातला आणि ओढली.

तार निघाली. कार्डांचा सप्लाय तुटला. पट्टा थांबला. शांताबाई चाकूंपासून दोन हातांवर थांबल्या.

निघालेलं टोक किसनदादांच्या मनगटाला चिकटलं. दोनशे तीस व्होल्ट. हात ओले, दुसरा हात लोखंडाला.

मी वरून खाली उतरलो तेव्हा ते दारापाशी बसल्यासारखे पडले होते. मला वाटलं दम लागलाय. मी म्हणालो, "दादा, थांबला. पट्टा थांबला." दोनदा म्हणालो. मग कोणीतरी मला बाजूला ओढलं.

वहिनी, हे तुमचं उत्तर. त्यांनी हात आत का घातला? त्यांना सगळं ठाऊक होतं म्हणून घातला. ओला हात विजेत घातला तर काय होतं, हे त्यांच्याइतकं त्या कारखान्यात कोणाला कळत नव्हतं. त्यांची चूक झाली नाही. तुमच्या मुलांना उद्या कोणी म्हणालं, तुझा बाप निष्काळजी होता, तर त्यांना माझ्याकडं पाठवा. मी जिथं असेन तिथं. तुरुंगात असेन तर तिथं.

आता पुढचं. हेही ऐका.

त्याच दुपारी गव्हाण बंद असताना किसनदादांच्या कागदावरचा रिले बसवला गेला. अर्धी पाळीही लागली नाही. अडीच तास लागले. अडीच तास, मंडळी. मी घड्याळ बघत होतो. अकरा दिवस मी ज्याला उद्या म्हणत होतो ते अडीच तासांचं काम होतं. आज पट्टा सुरळीत चालतो आणि दोरीही चालते. आज सकाळी इकडं निघायच्या आधी मी ती ओढून बघितली. थांबला.

त्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला सांगितलं, सरकारी तपासणीवाले यायच्या आत ती तार कुठं दिसता कामा नये. मी म्हणालो, बरं. परवा माझ्यापुढं एक टाइप केलेला कागद आला. त्यात लिहिलंय की मयत कामगारानं हातमोजे न घालता, परवानगी न घेता, चालू पॅनेल उघडलं. स्वतःच्या निष्काळजीपणामुळं मृत्यू. खाली माझ्या सहीची जागा. साहेब म्हणाले, "तुला वाचवायलाच हा कागद आहे. सही कर. तुझं वय काय आहे?"

दोन रात्री तो कागद माझ्या उशाखाली होता. खोटं बोलणार नाही, मंडळी, एकदा पेनचं टोपण काढलं होतं. माझ्या वडिलांचे डोळे गेलेत, घरात मीच कमावणारा. दुष्काळात नोकरी सोडून कुठं जाऊ? सगळं मनात आलं. तुमच्याही मनात आलं असतं.

तार मी फेकली नाही. ती माझ्याकडं आहे. किसनदादांच्या हातचा तो कागदही आहे. आज इथून निघालो की दोन्ही घेऊन उस्मानाबादला सरकारी कारखाना तपासणी कार्यालयात जाणार आहे. माझा जबाब लिहून झालाय. त्यात मोठे साहेब काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिलंय, आणि मी काय केलं तेही. माझी सही फक्त त्याच्याखाली आहे.

कारखान्याचे काही जण मागं उभे आहेत. त्यांनी हे जाऊन खुशाल सांगावं. पण त्याआधी एवढं करा. तुमच्या खात्यात, तुमच्या पॅनेलमध्ये, अशी एखादी तार तुम्हाला माहीत असेल. असेलच. चार दिवसांपुरती म्हणून टाकलेली. कोणी म्हटलं मिल बंद पडेल, तर पडू द्या. मी गेटावरच्या त्या म्हाताऱ्याला नंतर भेटलो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लेका, आमाला सांगितलं असतं तर आमी अर्धा दिस थांबलो नसतो व्हय?" मी कोणाला विचारलंच नव्हतं, मंडळी. गेटावर जाऊन विचारायची मला लाज वाटली.

सुमनवहिनी, मी तुमची माफी मागणार नाही. माफी मागितली की तुमच्यावर ती द्यायचं ओझं येतं. तुमच्यावर आधीच पुष्कळ आहे. तुम्ही मला या दारातून कायमचं घालवलंत तरी ते बरोबरच असेल.

आता बौद्धाचार्य त्रिशरण म्हणतील. त्याआधी दोन मिनिटं उभं राहू या. ज्यांना माझ्यासोबत उभं राहायचं नसेल त्यांनी मी मंडपाबाहेर जाईपर्यंत थांबावं. मी तिकडं रस्त्यावर, उन्हात उभा राहीन.

किसनदादा, तुम्हाला माझा जय भीम.

उठा, मंडळी.